गुप्तधनवाल्यांनो, पान 144 पण वाचा

प्रति,
गुप्तधन शोधणारी समस्त मंडळी
(महाराज, मशीनवाले, गाडी पुरवणारे, नुसती बॅटरी धरायला येणारे, सगळे)
औसा, निलंगा, लोहारा, उमरगा आणि जिथं कुठं असाल तिथं

विषय: जुन्या गावात खड्डे खणणं बंद करण्याबाबत आणि माझ्या कादंबरीच्या झेरॉक्सबाबत

मंडळी, रामराम.

सरळ मुद्द्यावर येतो. माझ्या कादंबरीतला हंडा मी मनानं रचलाय. तो नाही. कधीच नव्हता. कडुलिंबापासूनची सात पावलं पण मपलीच, वाक्यात सात बरं वाटलं म्हणून सात, पाच लिहिलं असतं तर तुम्ही पाचावर खणलं असतं. हे सगळं मी पोलिसाला जबाबात दिलंय, सही आहे, तारीख आहे. तरी मागच्या आठवड्यात जुन्या गावात परत नवे खड्डे पडलेत आणि त्यातला एक तर चावडीच्या पायातच घेतलाय, म्हणून हे खुलं पत्र, कारण तुमचा पत्ता कुणाकडंच नसतो आणि माझा मात्र तुम्हा सगळ्यांकडं आहे. कादंबरीच्या दुसऱ्या पानावर छापून ठेवलाय ना, मोबाईल नंबरासकट. त्या वेळी वाटलं होतं वाचक फोन करतील.

केले की फोन. रात्री अकराला करतात. "सर, कडुलिंब म्हणजे पारावरचा का देवळामागचा?" इतक्या बारकाईनं वाचणारा वाचक मराठीत दुसऱ्या कुणाला मिळाला असेल असं मला नाही वाटत.

ज्यांनी नुसती झेरॉक्स बघितलीय आणि मी कोण हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहितो. म्हणजे कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, सीएचबी म्हणतात त्याला, दिवाळीचं मानधन होळीला येतं, आणि मधल्या काळात मिळंल ते लिहितो. वाढदिवसाच्या बॅनरचा मजकूर, लग्नपत्रिकेतली कविता, सरपंचाचं पंधरा ऑगस्टचं भाषण, क्लासवाल्यांच्या जाहिराती (लातूर पॅटर्नच्या पाम्प्लेटातली निम्मी विशेषणं ह्याच हातची आहेत). एकदा एका पुढाऱ्याचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स तो दवाखान्यात असतानाच लिहून ठेव म्हणले, ठेवला, पुढारी बरा होऊन घरी आला आणि माझे पैसे बुडाले.

कादंबरी 2021 ला आली. छपाईचे पैसे मीच भरले, बायकोचं गंठण गोल्ड लोनला ठेवून. 500 प्रती काढल्या आणि त्यातल्या चारशेच्या वर आमच्या कॉटखाली होत्या, ह्याच्यात लाजायचं काही नाही, मराठीत कादंबरी अशीच येते, ज्यांच्या कॉटखाली नाहीत त्यांचा पलंग मोठा असतो एवढंच.

कादंबरीत काय आहे ते पण सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणीच ती पूर्ण वाचलेली नाही. आमचं गाव 1993 च्या भूकंपात पडलेलं. 30 सप्टेंबर, पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं, लोक रात्री गणपती बुडवून येऊन झोपलेले. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकायची पद्धत, पिढ्यान्पिढ्या वजन वाढत गेलेलं, ते सगळं खाली झोपलेल्या माणसावर आलं. सरकारी आकडाच आठ हजाराच्या आसपास सांगतात. 52 गावं उठवून नव्या जागेवर वसवली, आमचं त्यातलंच एक. जुनं गाव आहे तसं राहिलं, बाभळी वाढल्या, आणि जाणती माणसं आजपण नुसत्या पायावरून सांगतात की ही अमक्याची ढाळज, हे तमक्याचं न्हाणीघर.

तर माझ्या कादंबरीतली म्हातारी नव्या गावातून रोज उठून जुन्या गावात जाऊन बसती. सगळ्यांना सांगती की तिथं मी हंडा पुरलाय. पोरं-सुना तिला जेवायला घालतात ते त्या हंड्याच्या आशेवर. पान 143 वर ती नातवाला जागा सांगती, चावडीच्या मागं, कडुलिंबापासून सात पावलं, बारवेकडं तोंड करून. आणि पान 144 वर, पहिल्याच ओळीत, ती मनातल्या मनात म्हणती की पोरगं येडं आहे, आता दोन वर्षं तरी भाकरीची काळजी नाही.

पान 144, मंडळी! उलटायचं एक पान! तुमच्यात जी झेरॉक्स फिरायलीय, पाचशे रुपयाला एक असं ऐकलं, ती फक्त 143 ची आहे. 144 म्हणलं की जमावबंदी आठवून पळायची सवय आहे का काय तुम्हाला?

आता महाराजांकडं येतो.

2022 च्या एप्रिलात उदगीरला 95 वं साहित्य संमेलन झालं तेव्हा मी एका ओळखीच्याच्या स्टॉलवर कोपरा मागून बसल्तो. एप्रिलातलं उदगीर, दुपारी पुस्तकाच्या पुठ्ठ्याला हात लावला की चटका बसायचा. लोक यायचे, उचलायचे, मागचं पान वाचायचे, किंमत बघायचे, ठेवायचे. एक जण आला, पांढरा झब्बा, गळ्यात रुद्राक्ष, त्यानं उभ्या-उभ्या मनोगत वाचलं आणि एकदम चार प्रती घेतल्या. सवलत मागितली नाही! एकीवर मी सही करून दिली, "रसिक वाचकास सप्रेम". ती प्रत आता मुद्देमालात आहे, सुतळीनं बांधून, लाखेचं सील मारून.

मनोगतात काय होतं तर मी लिहिलं होतं की मी पायाळू जन्मलो. उगं एक गोड आठवण म्हणून, माय सांगायची की तुझे पाय आधी बाहेर आले, सुईण घाबरली वगैरे. मला काय माहीत की तुमच्या लाईनीत पायाळू माणूस म्हणजे काय चीज आहे. डोळ्यात अंजन घातलं की पायाळूला जमिनीखालचं धन दिसतं म्हणे. पाणी पण दिसतं म्हणतात. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली तेव्हा एक माणूस माझ्याकडं अंजनाची डबी घेऊन आला नाही, हे नमूद करतो.

मग दोन-अडीच वर्षांनी फोन. सर, तुमच्या कादंबरीवर वेब सिरीज करायचीय, आधी लोकेशन बघून घेऊ, लेखकाचे 51 हजार, 11 ॲडव्हान्स. आणि बोलता-बोलता फोनपेला 11 हजार आले पण. आता मला सांगा, सीएचबीवरचा कोणता लेखक नाही म्हणल? गंठणाचं व्याज भरलं त्यातून.

मुहूर्त महाराजांनी काढला अमावस्येचा. 30 डिसेंबर 2024, सोमवती. कागदावर तिथी एकदम जोरात. फक्त महाराज आमच्या भागातले नव्हते आणि त्यांना हे माहीत नव्हतं की ती साधी अमावस्या नाही, ती येळवस आहे. लातूर-धाराशिवात येळवशीला गावात कुत्रं राहत नाही, सगळं गाव रानात असतं, कडब्याची कोप, त्यात पांडव मांडलेले, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आंबिलाची बिंदगी. वर्षात बाकी कोणत्याही अमावस्येला जुन्या गावाच्या शिवारात तुम्ही जेसीबी लावला असता तरी कुणी विचारलं नसतं. त्या टोळीतले जे लोकल होते त्यांना हे माहीत होतं, पण त्यांना वाटलं महाराजांना सगळं दिसतंय तर हे पण दिसलं असंल, म्हणून ते गप बसले.

मी भावकीच्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या वस्तीवर, आंबिलाचा तांब्या तोंडाला लावलेला तेवढ्यात पांढरी स्कॉर्पिओ आली. प्रोड्युसर म्हणून जे बसल्ते त्यांचे खडीचे टिप्पर आहेत हे मला नंतर कळलं. डायरेक्टर म्हणजे तेच उदगीरवाले, पण आता जीन्सचं जाकीट आणि दिवस मावळायला गॉगल. मी ओळखलं नाही. मागं एक पोरगं हेडफोन घालून, हातात लांब दांडा, दांड्याला खाली गोल चकती. मला वाटलं साउंडवाला. डिकीत कोंबडा ओरडला. म्हणलं हे काय, तर म्हणले प्रॉपर्टी. नाटकात काम केलेलं असल्यामुळं मला ते पटलं. कॅमेरा कुठाय विचारलं तर मागून यायलाय म्हणले.

जुन्या गावात उतरलो तर आधी माझा मेकअप. डोळ्यात काजळासारखं काहीतरी घातलं, त्यात काय होतं देव जाणे, पण असं झोंबलं की पायाळूला धन दिसायचं सोडा, समोरचा माणूस दिसंना. मी तरी मनात म्हणायलोय की चला, लेखकाचा एक छोटा रोल ठेवलाय ह्यांनी.

मग सात पावलांवरून भांडण लागलं. कडुलिंबापासून सात, बरोबर, पण कुणाची सात? खडीवाले सहा फूट उंच, त्यांच्या सात पावलात माणूस बारवेत जाऊन पडतो. डायरेक्टर म्हणले कादंबरीत म्हातारी सांगती म्हणजे पावलं म्हातारीची धरायची. मग ते हेडफोनवालं पोरगं, सगळ्यात बारकं, त्याला कमरेत वाकून म्हातारीसारखं चालायला लावलं. ते चाललं. सात टाकली. डायरेक्टर म्हणले नाही, म्हातारीला गुडघ्याचा त्रास आहे, पान 88. परत चाल. मी डोळे चोळत उभा आणि खरं सांगू का, मला भरून आलं. गुडघ्याचा त्रास मी एका ओळीत लिहिला होता, प्रुफं बघणाऱ्याच्या पण लक्षात आलं नव्हतं. (म्हणजे पान 88 वाचलं होतं. 143 वाचलं होतं. तिथून पुढं फक्त एक पान!)

कोयता मला मग दिसला. उसाचा, नवीन, मुठीला हळद. आणि दोघं कोपऱ्यात हळू आवाजात बोलायलेले.

"पायाळूचं करंगळीचं चालंल का पुरं लागंल?"

"महाराज म्हणले तीन थेंब."

"मागच्या टायमाला पण तीनच म्हणले होते."

मागच्या टायमाला काय झालं ते अजून मला कळलेलं नाही आणि पोलिसाला पण नाही. डोळे उघडत नव्हते, पळायचं तर कुणीकडं हे कळंना, आणि तोंडातून आवाज निघाला तो कसला तर मी विचारलं, कॅमेरा आला का हो.

डायरेक्टर म्हणजे महाराज, आता झब्ब्यात, मंत्र म्हणत मागं सरकायले. मागं, मागं, अजून एक पाऊल मागं, आणि महाराज गेले. म्हणजे दिसंनाच. जमिनीतून आवाज यायला लागला.

पेव होतं ते. नव्या पोरांना माहीत नसंल म्हणून सांगतो, आमच्याकडं ज्वारी जमिनीखाली ठेवायचे, वर तोंड बारीक, आत पोट मोठं, दोन पुरुष खोल, वर फरशी टाकून माती थापायची. तीस वर्षांत ती फरशी कधी तडकली कुणाला ठाऊक, महाराजांच्या वजनानं तिचं काम झालं. जुनी म्हण होती की पेवात उतरायच्या आधी देवाला नाही, कंदिलाला विचारा, आत हवा खराब असती, माणूस उतरला की बसल्याजागी जातो. हेडफोनवाल्या पोरानं मशीन आत सोडून बघितलं. मशीन वाजलं! खडीवाले म्हणले, धन! आणि महाराज खालून ओरडायले की मी आहे, मी, माझ्या गळ्यात चेन आहे.

तेवढ्यात हेंडगे निघाले. येळवशीच्या संध्याकाळी पोरं कडब्याचे पेटते हेंडगे घेऊन रानाला फेरी मारतात, "ओलगे ओलगे सालम पोलगे" ओरडत. चारी बाजूच्या शिवारातून एकदम जाळ, आरडाओरडा, धावणारी माणसं. ज्याला माहीत नाही त्याला वाटणार गाव आलं मारायला. खडीवाले पळाले, कोयतावाले पळाले, स्कॉर्पिओ वाटेनं न्यायची सोडून सरळ हरभऱ्यात घातली, हरभऱ्याला आदल्या दिवशी पाणी दिलेलं, चाकं बुडापर्यंत आत. उरलो आम्ही तिघं. मी, पेवातले महाराज, आणि कोंबडा.

लोक आले ते मदतीलाच आले. पोरं मोबाईलची टॉर्च पेवात मारायली तर एक तात्या होते, ऐंशीच्या पुढचे, ते ओरडले, "मोबाईलची बत्ती सोडून काय कळतंय रे, विझायला पायजे ना ती." मग कुणाच्या तरी कोपीतला कंदील आणून दोरीनं सोडला. विझला नाही. मग चऱ्हाट टाकून महाराजांना ओढलं, अंगभर काळी झालेली ज्वारीची भुकटी, तात्यांनी त्यांना आधी बसवलं, आंबिल पाजलं, आणि मग विचारलं कामून आलाव. महाराज काही बोलले नाहीत. महाराजांच्या पायाला अडकून एक वस्तू वर आली होती, लोखंडी पायली, गंजलेली, धान्य मोजायची. तात्यांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली. कडेला एक टवका होता. म्हणले, "आमच्या दाजीची आहे." आणि ती घेऊन ते कोपीकडं गेले. नंतर पोलिसांनी पंचनाम्यासाठी मागून घेतली, एक लोखंडी पायली, जुनी वापरती, किंमत शून्य रुपये असं लिहिलं, आणि तात्या अजून ठाण्यात चकरा मारायलेत.

तुमच्या सगळ्या उद्योगातून आजवर आमच्या गावात निघालेलं धन म्हणजे एवढंच, ते पण मुद्देमालात अडकलं. राग मला ह्याचा आहे. करंगळीचा नाही तेवढा.

बाकी पोलिस ठाण्यात माझी गंमत वेगळीच. पहिले दोन दिवस मीच मास्टरमाइंड. बरोबर पण आहे त्यांचं, ॲडव्हान्स माझ्या खात्यावर, जागेचं वर्णन माझ्या पुस्तकात, गुन्ह्याचा प्लॅन आयएसबीएन घेऊन 500 प्रतीत छापणारा आरोपी त्यांनी तरी कधी बघितला असंल. कलम 318 लावायचं का, म्हणजे जुनं 420, अशी चर्चा माझ्यासमोरच चालली. हाताला नोटीस दिली. घरी येऊन कॉटखालच्या सगळ्या प्रती टेम्पोत भरून नेल्या, बायको म्हणली एवढं तरी बरं झालं, झाडायला जागा झाली. मग साहेबांनी पुस्तक वाचलं. पूर्ण वाचलं! तिसऱ्या दिवशी बोलावून चहा पाजला, साक्षीदार केलं, आणि म्हणले, सर, भाषा चांगली आहे पण म्हातारी एकदा उकरून तर बघती, शेवट पटला नाही. जाताना गेटवरचा शिपाई बाजूला घेऊन म्हणला, उगं विचारतो सर, कुणाला सांगत नाही, हंडा आहे ना?

महाराजांना लॉकअपमध्ये कुणीतरी 144 वाचून दाखवलं म्हणे. ते हसले. म्हणले, ते लोकांना चकवायला टाकलंय.

आता ह्यावर काय बोलायचं. पण जुन्या गावात तुम्ही परत येणार हे दिसतंय, म्हणून एकदाच हिशोब मांडतो, आमच्या भागातलं सोनं गेलं कुठं.

तुमचं म्हणणं असतं की रझाकाराच्या काळात लोकांनी सोनं पुरलं. पुरलं, खरंय. 1947-48 ला लोक रातोरात सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडं गेले, तो निजामाच्या बाहेरचा मुलूख, आणि जे डोक्यावर नेता येईना ते चुलीखाली, गोठ्यात, पेवात घातलं. पण 17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण आला आणि लोक परत आले, आणि आल्या-आल्या पहिलं काम काय केलं असंल? ज्यानं पुरलं त्याला जागा माहीत होती, येडे होते का ते? त्यातूनही कुणाचं राहिलंच असंल तर 1972 चा दुष्काळ आला. बायांनी खडी फोडली, मिलो म्हणजे बाहेरच्या देशातून आलेली लाल ज्वारी खाल्ली, सुकडीवर, म्हणजे सरकारी मदतीच्या कोरड्या खाऊवर, लेकरं जगवली. ज्या घरानं मिलोच्या भाकरी खाल्ल्या त्या घरानं चुलीखाली हंडा तसाच ठेवला असंल हे तुम्हाला पटतं कसं? आणि त्यातूनही जे राहिलं ते त्र्याण्णवला माणसासकट गेलं, आणि ढिगारे तेव्हाच उपसले गेले, कुणी माणसं काढायला उपसले, कुणी दुसरं काही काढायला, ते सगळ्यांना माहीत आहे. जुन्या गावात आता आहे ते फुटके रांजण, जात्याच्या तळ्या, बांगड्या. आजचं सोनं बघायचं असंल तर गोल्ड लोनच्या शाखेत जा, एसी पण आहे, मपल्या घरचं गंठण तिथंच आहे.

आणि खरंच जुन्या काळाचीच हौस असंल तर तेरला जा. दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव, ग्रीक लोकांनी तगर म्हणून लिहून ठेवलेलं, रोमपर्यंत व्यापार. तिथल्या लामतुरे संग्रहालयात काय ठेवलंय बघा, मणी, मातीच्या मूर्ती, हस्तिदंती बाहुली. दोन हजार वर्षांच्या श्रीमंत गावाखाली हे निघतं. आमच्या गावाखाली काय निघणार, पायली.

कायदा पण ऐका, कारण तुमचे महाराज सांगत नाहीत. 1878 चा निखात निधी कायदा आहे, इंग्रजाच्या वेळचा, अजून चालू. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं की कलेक्टरला कळवायचं. कुणी वारस निघाला नाही तर पाऊण हिस्सा सापडवणाऱ्याचा आणि पाव जमीनमालकाचा. पाऊण! म्हणजे दिवसाउजेडी, अंजन न लावता, कोंबडा न आणता पाऊण तुमचंच होतं. लपवलं तर वाटा पण गेला आणि वर्षापर्यंत कैद. आणि अंजन, कोयता, करंगळी असला प्रकार केला की 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो, दाभोलकरांचा खून झाल्यावर आधी वटहुकूम आणि डिसेंबरात कायदा झाला तो. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. त्यात गुप्तधनाचा उल्लेख आहे, तुमच्यासाठी वेगळी ओळ काढलीय सरकारनं, बघा.

झेरॉक्सबद्दल शेवटचं. कादंबरीचा कॉपीराईट माझा आहे, 1957 चा कायदा, लेखक जिवंत असेपर्यंत आणि मेल्यावर 60 वर्षं. पाचशे रुपयाला एक पान विकायले तुम्ही, आख्ख्या पुस्तकाची किंमत 250 आहे हो! मी मेल्यावर 60 वर्षांनी काय छापायचं ते छापा, काय खणायचं ते खणा. तोवर जी कुणी झेरॉक्स काढंल त्यानं 143 आणि 144 पाठपोट काढावी, माझी एवढी एकच अट आहे, रॉयल्टी नाही दिली तरी चालंल.

प्रती परत मिळाव्या म्हणून कोर्टात अर्ज दिलाय सुपुर्दनाम्यासाठी. त्यात मुद्देमालाची किंमत लिहावी लागती. वकील म्हणले छापील लिहू का बाजारभाव, बाजारभाव लिहिला तर जामीन तगडा लागंल. त्याच अर्जात तात्यांच्या पायलीचं पण टाकलंय, तिला जामीन लागत नाही. कोंबड्याचं टाकलं नाही. कोंबडा सध्या कुठाय हे मी ठाण्यात विचारलं नाही आणि तुम्ही पण विचारू नका.

राहिला व्यवहार. 51 हजार ठरले होते, 11 मिळाले. वेब सिरीज झाली नाही ह्यात लेखकाचा काय संबंध, लोकेशन दाखवायचं ठरलं होतं, डोळे जळत असताना दाखवलं. खडीवाले दादा जामिनावर बाहेर आहेत असं ऐकलं. पुढच्या तारखेला कोर्टात भेट होईलच, येताना बाकीचे 40 हजार घेऊन या. चेक चालंल, फक्त त्यावर तारीख अमावस्येची टाकू नका.

कळावे.

आपला,
पान 143 आणि 144, दोन्हीचा लेखक